वजनकाट्यावरचा न्याय

२०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळ मेफेड्रोन तयार करणारा एक कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, पुणे पोलिसांना तसाच दुसरा कारखाना दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सापडला. अशा वेळी वृत्तपत्रांत जे छायाचित्र छापून येते ते ठरलेले असते. टेबलावर मांडलेल्या पुड्या, मागे ओळीने उभे राहिलेले अधिकारी आणि त्यांच्यामध्ये तोंडावर काळा बुरखा ओढलेले दोन-चार इसम. मथळ्यात मालाची किंमत कोटींनी दिलेली असते. ती कोणत्या बाजारातील आणि कोणी ठरविलेली, हे कोणी विचारीत नाही. विधिमंडळात तासभर गदारोळ होतो, मंत्रिमहोदय कोणाचीही गय केली जाणार नाही अशी ग्वाही देतात, आणि पंधरवड्यात सारे शांत होते. त्या बुरख्याआडच्या माणसाचा खटला काही वर्षांनी निकालात निघतो, तेव्हा त्याची बातमी आतल्या पानावर तीन ओळींत उरकलेली असते.

वस्तुतः त्या तीन ओळींतच या प्रश्नाचे मर्म आहे. मोठ्या प्रमाणावर मादक द्रव्ये पुरविणाऱ्याला जबर शिक्षा झाली पाहिजे, याविषयी डाव्या चळवळीत तरी दुमत असण्याचे कारण नाही. हा धंदा म्हणजे नफेखोरीचे अत्यंत नागवे रूप आहे. त्याचे गिऱ्हाईक मरेपर्यंत गिऱ्हाईकच राहते. तेव्हा विचार करावयाचा तो एवढाच, की आपल्या देशात ही जबर शिक्षा प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते, आणि ती ठोठावताना न्यायाधीशाच्या हाती विवेक म्हणून काही शिल्लक ठेवलेले आहे काय.

ज्या कायद्याने हे सारे चालते त्याचे मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असे लांबलचक आहे. त्यापूर्वी या देशात १८५७ आणि १८७८ चे अफूविषयक कायदे व १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा होता. ज्या राज्यकर्त्यांनी ते कायदे केले तेच जगातील सर्वांत मोठे अफूविक्रेते होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात असे आणि तिच्यावर कंपनी सरकारची तिजोरी भरत असे. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या दानशूर पुरुषाची संपत्तीदेखील पुष्कळशी त्याच व्यापारातून आलेली होती. दादाभाई नौरोजींनी या व्यापाराचा अनीतिमान म्हणून धिक्कार केला, परंतु तो काही कोणा गव्हर्नर जनरलला गुन्हा वाटला नाही. मोठ्या पुरवठादाराला प्रतिष्ठा आणि किरकोळ विक्रेत्याला कोठडी, ही वाटणी या देशात अशी जुनी आहे.

१९३० च्या कायद्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची होती, दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास चार वर्षांची. १९८० नंतरच्या काळात ‘गर्द’ मुंबईच्या पदपथांवर आणि पुण्याच्या महाविद्यालयांपाशी पोहोचला तेव्हा ही शिक्षा हास्यास्पद ठरली होती, हे खरेच आहे. त्या काळाची कल्पना ज्यांना करावयाची असेल त्यांनी अनिल अवचटांचे ‘गर्द’ हे पुस्तक पाहावे. १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते या आपत्तीला समाजाने दिलेले उत्तर होते. सरकारने उत्तर दिले ते कायद्याने. १४ नोव्हेंबर १९८५ पासून नवा अधिनियम अंमलात आला आणि तीन वर्षांच्या कमाल शिक्षेच्या जागी एका उडीत दहा वर्षांची किमान शिक्षा आली; कमाल वीस वर्षांची, सोबत एक ते दोन लाखांचा दंड. १९८९ मध्ये त्यावर आणखी कळस चढविण्यात आला. ठराविक परिमाणाचा गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्यास सक्तीची फाशी, शिक्षेत कोणत्याही प्रकारची सूट नाही, आणि ३७ व्या कलमान्वये जामीनही जवळजवळ अशक्य. आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, असे न्यायाधीशाला खटला उभा राहण्यापूर्वीच वाटले तर जामीन मिळावयाचा!

पंधरा वर्षे हा कायदा अशा रीतीने चालला, की चिमूटभर गर्द जवळ बाळगणारा व्यसनी आणि शंभर किलो माल आणणारा व्यापारी यांना पुष्कळदा एकाच मापाने मोजले जाई. स्वतःच्या सेवनासाठी अल्प मात्रा होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर होती, आणि ते त्याला साधले नाही तर दहा वर्षे. अखेर २००१ च्या दुरुस्तीने अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि या दोहोंच्या मधली मात्रा असे तीन टप्पे केले. हेरॉइनचे पाच ग्रॅमपर्यंत अल्प आणि अडीचशे ग्रॅमच्या वर व्यापारी. चरसचे शंभर ग्रॅम आणि एक किलो. गांजाचे एक किलो आणि वीस किलो. अफूचे पंचवीस ग्रॅम आणि अडीच किलो. मेफेड्रोनचा समावेश पुढे झाला. त्याचे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. मधल्या टप्प्यात न्यायाधीश एका दिवसापासून दहा वर्षांपर्यंत काहीही शिक्षा देऊ शकतो. व्यापारी मात्रेची रेषा ओलांडली की दहा वर्षांच्या खाली उतरण्याची मुभा त्याला नाही.

ही सुधारणा होती हे मान्य करूनही म्हणावे लागते की, तिने न्यायाचा सारा भार वजनकाट्यावर टाकला. काट्यावर काय ठेवले, यावर माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे ठरू लागली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात आरोपीजवळ सुमारे चार किलो पूड सापडली होती. तपासणीत तिच्यातील हेरॉइनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे जेमतेम साठ ग्रॅम निघाले. बाकीची सारी भेसळ. न्यायालयाने शुद्ध द्रव्याचेच वजन धरावे असे सांगून शिक्षा दहा वर्षांवरून सहावर आणली. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर २००९ रोजी, केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याचा नियम केला, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आधीचा निर्णय रद्द ठरवून सरकारचे म्हणणे उचलून धरले. त्यामागील युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे नव्हे. रस्त्यावर विकला जाणारा माल नेहमी भेसळीचाच असतो, आणि शुद्धतेचा हिशेब लावू लागल्यास धंदेवाईकांना पळवाट मिळते, ही गोष्ट खरी आहे. परंतु तिचा परिणाम काय होतो हेही पाहिले पाहिजे. माल जसजसा वरच्या व्यापाऱ्याकडून खालच्या विक्रेत्याकडे सरकतो, तसतशी त्यात भेसळ वाढत जाते. म्हणजे ज्याच्याजवळ खरे विष सर्वांत कमी, त्याच्या पुडीचे वजन मात्र भेसळीने फुगलेले. दोनशे चाळीस ग्रॅम शुद्ध हेरॉइन बाळगणारा मधल्या टप्प्यात राहतो, आणि त्यातलेच वीस ग्रॅम अडीचशे ग्रॅम पुडीत मिसळून नेणारा पोऱ्या व्यापारी मात्रेचा गुन्हेगार ठरतो.

एल.एस.डी.च्या बाबतीत तर गोष्ट आणखी विचित्र झाली. त्याची व्यापारी मात्रा ग्रॅमचा दहावा भाग. ते द्रव्य कागदाच्या इवल्या तुकड्यावर शोषून विकले जाते; तेव्हा कागदाचे वजन धरावयाचे की नाही, यावर उच्च न्यायालयांना काथ्याकूट करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कागद धरावा असा निर्णय दिला. आणि गांजाचे काय? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेले बी आणि पाने त्यात येत नाहीत. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात मका-कपाशीच्या आड लावलेल्या गांजावर पोलिसांचे छापे दरवर्षी पडतात. तेथे झाड उपटून देठ, पाने, माती लागलेले मूळ असे सगळेच काट्यावर चढविले, तर पंचनाम्यात वीस किलोचा आकडा गाठणे अवघड नसते. उच्च न्यायालयांनी अशा वजनांवर अनेकदा बोट ठेवून आरोपींना जामीन दिलेला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचावयाचे तर वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या भूमिहीन पावरा मजुराला तो रस्ता कोण दाखविणार?

येथेच प्रश्नाच्या गाभ्याशी येऊन पोहोचावे लागते. मोठा साठा पकडला जातो तेव्हा त्याच्याजवळ कोण असतो? आंध्र-ओरिसाच्या सीमेवरील डोंगरातून गांजा निघतो तो मालमोटारीच्या चालकाबरोबर, आगगाडीच्या साध्या डब्यात पिशवी घेऊन बसलेल्या बाईबरोबर, एका फेरीच्या चार-दोन हजारांवर राजी झालेल्या आदिवासी तरुणाबरोबर. ज्याने भांडवल घातले तो पुष्कळदा त्या राज्यातही नसतो. मालवाहू चालक आपला मालक कोण हे सांगू शकत नाही, कारण त्याला मालक माहीतच नसतो. त्याला एक भ्रमणध्वनी क्रमांक माहीत असतो आणि तो पकडापकडीच्या दुसऱ्या मिनिटाला बंद झालेला असतो. हा धंदा अशा रीतीने रचलेला आहे की जोखीम खाली आणि नफा वर. कोणत्याही कंत्राटी उद्योगाची रचना याहून वेगळी नसते. फरक एवढाच की येथे अपघाताच्या जागी तुरुंग आहे.

कायदा या रचनेकडे पाहतो काय? २००१ च्या दुरुस्तीने ३२-ब हे कलम आले. किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देताना कोणत्या गोष्टी लक्षात घ्याव्यात याची यादी त्यात आहे: शस्त्राचा वापर, सरकारी पदाचा दुरुपयोग, अल्पवयीनांना धंद्यात ओढणे, शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात विक्री, आंतरराष्ट्रीय टोळीशी संबंध. शिक्षा वाढविण्याची कारणे संसदेने अशी मोजून दिली. कमी करण्याची कारणे मात्र एकही दिली नाहीत. जो केवळ हमाल होता, ज्याला दारिद्र्याने किंवा धाकाने या कामाला लावले, त्याच्याविषयी हे कलम मूग गिळून बसते. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक अपील आला. एक किलो हेरॉइन बाळगल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झालेल्या आरोपीने, आपला पहिलाच गुन्हा आहे, आपण गरीब आहोत आणि केवळ माल वाहून नेणारे आहोत, असे सांगितले. न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. आरोपी गरीब आहे, वाहक आहे किंवा कुटुंबातील एकटाच कमावता आहे, एवढ्याने अशा गुन्ह्यात सौम्यतेला आधार मिळत नाही. या व्यापाराने जे बळी जातात त्यांचा विचार आधी केला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

बळींचा विचार आधी झाला पाहिजे, हे तत्त्व कोणीही मान्य करील. ज्या बापाने आपला मुलगा सुईच्या टोकावर गमावला त्याच्यासमोर वाहकाच्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे मांडणे कठीण आहे, आणि ज्या कार्यकर्त्यांनी मुंबईच्या वस्त्यांत काम केले आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही. परंतु त्या मुलाच्या मृत्यूला वाहक आणि मालक सारखेच जबाबदार आहेत असे मानावयाचे काय? दोघांचाही माल तोच आणि वजनही तेच. म्हणून अपराधही तोच, हे तर्कशास्त्र किराणा दुकानाचे झाले, न्यायालयाचे नव्हे. या बाबतीत कायदेमंडळाचे मन कसे चालते याची एक जुनी खूण सीमाशुल्क कायद्याच्या १३५ व्या कलमात सापडते. तेथे विशेष व पुरेशी कारणे नोंदवून किमान शिक्षेखाली येण्याची मुभा न्यायाधीशाला दिलेली आहे. पण लगेच खाली लिहून ठेवले आहे की, आरोपी मुख्य गुन्हेगार नसून केवळ वाहक होता, हे विशेष कारण समजले जाणार नाही. म्हणजे वाहक नावाचा प्राणी कायदेकर्त्यांना चांगला ठाऊक आहे. त्यांनी त्याची आठवण ठेवली ती केवळ त्याला दार बंद करण्यापुरती.

या उलट भांडवल पुरविणाऱ्याविषयी किती दक्षता बाळगली गेली तेही पाहण्यासारखे आहे. या अधिनियमात २७-अ हे कलम आहे. बेकायदा व्यापाराला पैसा पुरविणारे आणि गुन्हेगारांना आश्रय देणारे यांच्यासाठी दहा ते वीस वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद त्यात आहे. बडी धेंडे गाठावयाची तर हेच कलम वापरले पाहिजे. २०१४ च्या दुरुस्तीत दुसऱ्या कलमातील व्याख्यांचे अनुक्रम बदलले. ‘बेकायदा व्यापार’ ही व्याख्या एका घराने खाली सरकली आणि तिच्या जुन्या जागी अत्यावश्यक औषधी द्रव्यांची व्याख्या आली. २७-अ मधील उल्लेख मात्र जुन्याच क्रमांकाचा राहिला. परिणामी, पैसा पुरविणाऱ्याला शिक्षा करणारे कलम अशा एका व्याख्येकडे बोट दाखवीत राहिले जिचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. १ मे २०१४ पासून सात वर्षे ही स्थिती होती. २०२१ मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयासमोर हा मुद्दा निघाला, तेव्हा कोठे केंद्र सरकारला जाग आली. सप्टेंबरअखेर वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती. सात वर्षांत विधी मंत्रालय, केंद्रीय तपास यंत्रणा आणि देशभरची विशेष न्यायालये, यांपैकी कोणाला ही चूक कायदा दुरुस्त करण्याइतकी खुपली नाही याचा अर्थ काय? एकच अर्थ संभवतो, की ते कलम बाहेर काढण्याचे प्रसंगच त्यांच्यावर फार येत नव्हते. पुडीच्या वजनाविषयी सरकार दोन वर्षांच्या आत अधिसूचना काढते. सावकाराच्या कलमातील चूक सात वर्षे तशीच राहते.

आणि माल खरोखरच अवाढव्य होता तेव्हा काय झाले? २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कच्छमधील मुंद्रा बंदरात दोन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी किलो हेरॉइन सापडले. अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेल्या त्या मालाची नोंद शंखजिऱ्याचे दगड अशी होती. अडीचशे ग्रॅमच्या व्यापारी मात्रेशी हा आकडा ताडून पाहिला तर तो सुमारे बारा हजार पट भरतो. तरीही कायद्याच्या पुस्तकात या दोन्हींसाठी पट्टी एकच आहे, दहा ते वीस वर्षे. २५१ ग्रॅमवाल्याला दहाच्या खाली उतरता येत नाही आणि तीन टनांच्या धन्याला पहिल्या गुन्ह्यात वीसच्या वर चढविता येत नाही. मोठ्या पुरवठ्याला कायदा कठोर आहे असे जे म्हटले जाते ते या अर्थाने अर्धेच खरे आहे. तो तळाशी कठोर आहे.

ही कठोरता निकालापाशी थांबत नाही. एक लाखाचा किमान दंड ज्याला भरता येतो तो दहा वर्षांनी सुटतो. ज्याला भरता येत नाही त्याला त्याबदली आणखी कैद. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात आरोपीचे दारिद्र्य पाहून, दीड लाख दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षांची जादा कैद सहा महिन्यांवर आणली. हा विवेक प्रत्येक सत्र न्यायालयात दिसतोच असे नाही. तुरुंगातील चांगल्या वर्तणुकीबद्दल इतर कैद्यांना माफीचे दिवस मिळतात. या कायद्याखालील कैद्याला ३२-अ कलमामुळे ते मिळत नाहीत. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार परत मिळवून दिला, पण माफीवरील बंदी तशीच ठेवली. तेव्हा बराकीत शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी दरोडेखोराच्या शिक्षेतून दिवस वजा होत जातात आणि गांजाची पिशवी वाहणाऱ्याची दहा वर्षे पुरती दहाच भरतात.

निकालाआधीची कथा याहून वाईट आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. ३७ व्या कलमामुळे व्यापारी मात्रेच्या आरोपीला जामीन दुर्मिळ. खटला रखडतो तो रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, गैरहजर पंच आणि बदली झालेला तपास अधिकारी यांच्या पायी. कमाल शिक्षेचा निम्मा काळ काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे अशी फौजदारी प्रक्रियेत तरतूद आहे. पण या कायद्यातील कमाल शिक्षा वीस वर्षे. तिचा निम्मा काळ दहा वर्षे, म्हणजे संपूर्ण किमान शिक्षा! खटला न चालताच ती भोगून झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीला सवलत म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे. म्हणूनच १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा आरोपींसाठी पाच वर्षांची मर्यादा सुचविली होती, आणि २०२३ च्या मार्चमध्ये, विलंबाने चाललेल्या खटल्यात ३७ वे कलम जामिनाच्या आड येऊ शकत नाही असे पुन्हा स्पष्ट केले. तरीही हे निर्णय जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात प्रत्येक वेळी कोणीतरी वाचून दाखवावे लागतात.

इतर देशांत काय चालते, हे एका परिच्छेदात सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शिक्षेचे जे मार्गदर्शक कोष्टक आहे त्यात मालाचे वजन आणि आरोपीची भूमिका अशी दोन्ही मापे आहेत. पाच किलोच्या घरातील हेरॉइनच्या प्रकरणात सूत्रधारासाठी विचाराचा प्रारंभ चौदा वर्षांपासून होतो, आणि हुकूम पाळणाऱ्या दुय्यम माणसासाठी सात वर्षांपासून. अमेरिकेने १९८६ मध्ये वजनावर आधारलेल्या सक्तीच्या शिक्षा आणल्या. गरीब काळ्या वस्त्यांत विकले जाणारे ‘क्रॅक’ आणि गोऱ्या श्रीमंतांचे कोकेन यांच्या वजनात शंभरास एक असा भेद केला, तुरुंग काळ्या तरुणांनी भरले, आणि २०१० मध्ये तो भेद अठरास एक इतका खाली आणावा लागला. ज्या सिंगापूरचे दाखले आपल्याकडील फाशीवादी मंडळी उठता-बसता देतात, तेथेही पंधरा ग्रॅमचा हिशेब शुद्ध द्रव्याचाच होतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने, केवळ वाहक असलेल्या व तपासाला ठोस साहाय्य करणाऱ्या आरोपीला फाशीऐवजी जन्मठेप देण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. सिंगापूरला जे सुचले ते दिल्लीला सुचू नये!

फाशीचा विषय आलाच आहे तर तोही पाहावा. १९८९ च्या सक्तीच्या फाशीने धंदा थांबला काय? मुंबई उच्च न्यायालयाने १६ जून २०११ रोजी, ‘इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क’च्या याचिकेवर निर्णय देताना, न्यायाधीशाला पर्यायच न ठेवणारी फाशी घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविली. २०१४ मध्ये संसदेने कायद्यातही ती ऐच्छिक केली. या कायद्याखाली आजवर कोणाला प्रत्यक्ष फासावर चढविले गेलेले नाही, आणि गर्दची जागा मेफेड्रोनने घेतली ती त्या फाशीच्या छायेतच. शिक्षेचा धाक असतो तो पकडले जाण्याच्या खात्रीमुळे. आणि ती खात्री या धंद्यात फक्त वाहकाला आहे. २०११ च्या निर्णयातील तत्त्व मात्र फाशीपुरते ठेवण्याचे कारण नाही. माणसाची परिस्थिती न पाहता शिक्षा ठरविणे हे फाशीच्या बाबतीत अन्यायाचे असेल, तर दहा वर्षांच्या सक्तमजुरीच्या बाबतीत ते न्यायाचे कसे होते, याचे उत्तर कायदेपंडितांनी दिले पाहिजे.

संसदेतील पुरोगामी सदस्यांनी आग्रह धरावा तो मुख्यतः ३२-ब कलमाच्या दुरुस्तीचा. शिक्षा वाढविणाऱ्या गोष्टींच्या जोडीला, आरोपीची धंद्यातील भूमिका, त्याला मिळालेला वा मिळणारा लाभ, धाकदपटशा, पहिला गुन्हा आणि तपासाला दिलेले साहाय्य यांचा उल्लेख तेथे हवा, आणि कारणे नोंदवून दहा वर्षांच्या खाली येण्याचा अधिकार न्यायाधीशाला हवा. यावर असा आक्षेप येईल की, मग प्रत्येक जण स्वतःला वाहक म्हणवील. म्हणू द्यावे; खरे काय ते पुराव्यावरून ठरविणे हेच न्यायाधीशाचे काम आहे. आज तो पुरावा कोणी गोळाच करीत नाही, कारण भूमिका सिद्ध करण्याची गरज फिर्यादी पक्षाला नाही. पुडी, काटा आणि दोन पंच एवढ्यावर दहा वर्षांची खात्री असेल, तर तपास अधिकारी बँकेचे व्यवहार आणि जमिनींचे उतारे कशाला चाळील? भूमिकेवर शिक्षा अवलंबून राहिली तर तपासालाही वरच्या दिशेने जावे लागेल. १९८९ पासून कायद्यात असलेल्या मालमत्ता जप्तीच्या प्रकरणालाही मग खरा उपयोग येईल. मेफेड्रोनचे कारखाने औद्योगिक वसाहतींत चालत असतील तर त्यांना कच्चा माल, वीज, भूखंड आणि परवाने कोणी दिले, हा प्रश्न त्या तपासात ओघानेच येतो.

कायदा बदलेपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांतून करण्याजोगे कामही पुष्कळ आहे. मध्यवर्ती तुरुंगांत या कायद्याखाली पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याविना पडलेले किती जण आहेत, त्यांपैकी कितींना वकील आहे आणि कितींना न्यायालयाची भाषा समजते, याची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येते. परराज्यातून आलेल्या चालकांच्या आणि मजुरांच्या घरी तर आपला माणूस कोणत्या तुरुंगात आहे हेही पुष्कळदा कळविलेले नसते. हमाल, वाहतूक कामगार आणि आदिवासी यांच्या संघटनांत काम करणाऱ्यांच्या कानावर अशी प्रकरणे आजही येतात. मादक द्रव्यांचा आरोप म्हटला की संघटना अंग काढून घेते, आणि बदनामीच्या भयाने तशी ती काढून घेणे स्वाभाविकही आहे. पण जामिनाचा अर्ज, वजनाच्या पंचनाम्याची नक्कल, दंड भरता येत नसल्याचे दारिद्र्याचे प्रतिज्ञापत्र, या गोष्टी मिळवून देणे म्हणजे गुन्ह्याचे समर्थन नव्हे. शिरपूर, नंदुरबार आणि गडचिरोली या बाजूंच्या शाखांनी तरी ही यादी करण्यास प्रारंभ करावा, आणि येत्या अधिवेशनापूर्वी ती आपल्या आमदार-खासदारांच्या हाती द्यावी.